हसताना गुडघे सुटतात का?

पालकसभा संपली की वर्गशिक्षक दोन-चार जणांना बाजूला घेतात आणि सांगतात, "तुमचा मुलगा तासाला पेंगतो." आई मान खाली घालते, वडील घरी जाऊन मोबाइल काढून घेतात, आणि पोराला पुढचे आठ दिवस आळशी, ऐतखाऊ, कुंभकर्ण अशी बिरुदं मिळत राहतात. मुळशीतली मुलं तपासताना ही तक्रार माझ्या कानावर सतत येते. ती आली की मी ठरलेले चार-पाच प्रश्न विचारते. शेवटचा प्रश्न ऐकून पालक जरा चमकतात. "हा खदखदून हसला की याचे गुडघे सुटतात का? मान लुळी पडते का?" बहुतेक घरांतून "नाही" असं उत्तर येतं. क्वचित कुठे तरी नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. त्या क्वचित घरासाठी मी हे लिहिते आहे. पण त्या घरापर्यंत पोचायचं तर आधी बाकीच्या घरांतली झोप मोजायला हवी.

6 ते 12 वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 9 ते 12 तास झोप लागते, 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास. आता आपल्याकडचा हिशोब बघा. कोळवण खोऱ्यातल्या किंवा मुठा खोऱ्यातल्या मुलीला कोथरूडच्या कॉलेजात सातच्या तासाला बसायचं असेल, तर ती साडेचारला उठते. अंधारात फाट्यावर येऊन बस धरते, भूगाव आणि चांदणी चौकातली गर्दी पार करते, दुपारी उशिरा परत येते. मग क्लास, अभ्यास, घरचं काम आणि अंथरुणात शिरल्यावर मोबाइल. झोपायला साडेअकरा. पाच तास झोपलेली मुलगी वर्गात पेंगते याला आजार म्हणत नाहीत. पिरंगुटच्या कंपन्यांत पाळीनं काम करणाऱ्यांची घरं एक-दोन खोल्यांची असतात. वडील दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री येतात, दिवा लागतो, जेवण गरम होतं, आणि त्याच खोलीत झोपलेलं लेकरू रोज तासभर जागं होतं. हे आपल्या हिशोबात कधी येतच नाही.

त्यातून वयात येताना शरीराचं घड्याळ दीड-दोन तासांनी पुढे सरकतं. नववी-दहावीच्या मुलाला रात्री दहाला झोप येत नाही, यात दर वेळी त्याचा हट्ट नसतो. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. निर्णय चांगला होता. पण मला वाटतं, सकाळच्या शाळेचा सगळ्यात जास्त त्रास होतो तो पाचवीच्या पुढच्यांनाच, आणि त्यांचा विचार अजून व्हायचा आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन आठवडे मुलाला पोटभर झोपू द्या. कॅलेंडरवर रोज दोन वेळा लिहा, कधी झोपला आणि कधी उठला. चार-पाच दिवसांत साठलेली झोप भरून निघाली आणि मूल दिवसभर टवटवीत राहायला लागलं, तर त्याला गोळीची गरज नाही, वेळापत्रकाची आहे. दोन आठवडे नऊ-नऊ तास झोपूनही ते जेवता जेवता ताटावर डुलत असेल, तर मात्र पुढचं नीट वाचा.

दिवसा झोप येण्याची इतर कारणं बरीच आहेत आणि त्यातली बहुतेक नार्कोलेप्सीपेक्षा, म्हणजे ज्या आजारासाठी मी तो हसण्याचा प्रश्न विचारते त्याच्यापेक्षा, कितीतरी जास्त आढळतात. मूल घोरतं का? तोंड उघडं टाकून झोपतं का, झोपेत श्वास अडकून दचकतं का, मोठं झालं तरी अंथरूण ओलं करतं का? टॉन्सिल किंवा नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड गाठी वाढल्या की रात्रभर श्वास अडतो आणि झोप तुटत राहते. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. मोठी माणसं यात दिवसा पेंगतात. लहान मुलं बऱ्याचदा उलट वागतात, चिडचिडी होतात, एका जागी बसत नाहीत. घोरणं म्हणजे गाढ झोप असं आपल्याकडे कौतुकानं बोललं जातं. लेकराच्या बाबतीत ते कौतुक सोडा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

काही मुली सांगतात, रात्री पाय वळवळतात, आतून मुंग्या आल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. यामागे अनेकदा शरीरातलं लोह कमी झालेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आढळला. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळ्या "मळमळतं" म्हणून दप्तरात पडून राहतात. त्या जेवणानंतर घ्यायला लावा. थायरॉइडही तपासून घ्या. आणि मूल गप्प गप्प झालं असेल, आवडीच्या गोष्टींतून मन काढून घेत असेल, तर झोपेमागे उदासी आहे का, हे त्याच्याजवळ बसून विचारा. याखेरीज दहा-अकरा तास झोपूनही ग्लानी न उतरणारा एक वेगळा विकार आहे. त्यातलं मूल दुपारी दोन तास झोपलं तरी उठताना जड डोक्यानं उठतं. नार्कोलेप्सीतलं मूल वीस मिनिटांच्या डुलकीनं ताजंतवानं होतं, आणि दोन-तीन तासांनी पुन्हा झोपेच्या तावडीत सापडतं. डॉक्टरांना सांगताना हा फरक आठवणीनं सांगा.

आता नार्कोलेप्सीकडे वळू. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांप्रमाणे साधारण दोन हजारांत एकाला ती असते. सुरुवात बहुधा दहा ते वीस या वयात होते, आणि निदान व्हायला जगभर आठ-दहा वर्षं सहज जातात. म्हणजे आजार शाळेत सुरू होतो आणि त्याचं नाव कळेपर्यंत शिक्षण संपलेलं असतं. या मधल्या वर्षांत मुलाला जे ऐकून घ्यावं लागतं, त्याची जखम आजारापेक्षा खोल जाते असं माझं मत आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग असतो. तिथल्या काही पेशी ओरेक्झिन नावाचं द्रव्य तयार करतात. सगळ्या मेंदूत अब्जावधी पेशी, पण या जेमतेम 50 ते 80 हजार. त्यांचं काम आपली जाग टिकवून धरण्याचं. तुमच्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आठवा. तो बटण धरून ठेवतो म्हणून विजेचा दाब जरा खालीवर झाला तरी मोटार चालू राहते. धरून ठेवणारा भाग गेला, की जराशा चढउतारानं मोटार बंद पडते. नार्कोलेप्सीच्या पहिल्या प्रकारात या पेशी जवळजवळ सगळ्या नष्ट झालेल्या असतात. ओरेक्झिनचा शोध लागला 1998 साली, आणि रुग्णांच्या मेंदूत ते नसतं हे 2000 साली कळलं. त्याच्या आधी जवळपास सव्वाशे वर्षं डॉक्टर नुसतीच लक्षणं लिहून ठेवत होते. 1880 मध्ये जेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी आजाराला हे नाव दिलं. त्यांचा रुग्ण दारूच्या पिंपांचा व्यापारी होता. पत्त्यांत चांगली पानं आली की त्याचे हात लुळे पडत.

पेशी का नष्ट होतात? शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून त्यांच्यावर उलटते, असे भक्कम पुरावे आहेत. 2009 साली स्वाइन फ्लू आला, देशातला त्याचा पहिला बळी पुण्यातली शाळकरी मुलगी होती, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या साथीनंतर चीनमध्ये मुलांतल्या नार्कोलेप्सीचं प्रमाण काही काळ वाढलेलं दिसलं. फिनलंड आणि स्वीडनमध्ये त्या साथीसाठी दिलेल्या पँडेमरिक्स या एका विशिष्ट लशीनंतरही ते वाढलं. ती लस आता वापरात नाही, आणि आपल्या मुलांच्या नेहमीच्या लसी चुकवण्याचं यात काहीही कारण नाही. मी हे सांगते ते एवढ्यासाठी, की हा आजार मुलाच्या स्वभावातून, संस्कारांतून किंवा आईच्या लाडातून येत नाही.

जाग धरून ठेवणारं द्रव्य नसलं की एरवी झोपेतच घडणाऱ्या गोष्टी जागेपणी घुसतात. तुम्ही-आम्ही झोपलो की साधारण दीड तासानं स्वप्नांची झोप येते. त्या वेळी मेंदू आपले स्नायू सैल करून टाकतो, म्हणजे स्वप्नात पळालो तरी पाय गादीवरच राहतात. नार्कोलेप्सीत ही स्वप्नांची झोप पहिल्या पंधरा मिनिटांतच येते, आणि तो स्नायूंचा सैलपणा माणूस टक्क जागा असताना येतो. सुरुवात होते ती हसण्यातून. कधी आश्चर्यानं, कधी रागानंही होते, पण हसणं मुख्य. या सैलपणाला कॅटाप्लेक्सी म्हणतात.

एका आईनं मला सांगितलेला प्रसंग आहे. आवणीचे दिवस होते, सगळं घर खाचरात उतरलेलं. चुलत्यानं काहीतरी थट्टा केली आणि तेरा वर्षांची पोर हसायला लागली. हसता हसता तिच्या पापण्या मिटल्या, जबडा सैल झाला, जिभेचं टोक बाहेर आलं. हातातली रोपांची मूठ गळून पाण्यात पडली. मग गुडघे वाकले आणि ती अलगद चिखलात बसली. आजी ओरडली, कुणी कांदा आणायला धावलं, कुणी चप्पल हुंगवली. अर्ध्या मिनिटात पोरगी उठली, आणि ती पडलेली असताना कोण काय बोललं ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. त्यावरून घरात ठरलं, की ही नाटकं करते. पुढे एका ठिकाणी तिला फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी काही फरक पडला नाही.

खरं तर त्या प्रसंगात निदानाला लागणारं जवळजवळ सगळं होतं. तिला सगळं ऐकू येत होतं. फिट आली असती तर बहुधा मधलं काही आठवलं नसतं, हातपाय झटकले गेले असते किंवा उठल्यावर ती गोंधळलेली असती. चक्कर असती तर डोळ्यांपुढे अंधारी आली असती. इथे शुद्ध शाबूत होती, फक्त स्नायू सैल पडले, आणि तेही हसताना. लहान मुलांत तर बऱ्याचदा गुडघे न सुटता नुसता चेहराच सैल पडतो. पापण्या अर्धवट मिटतात, तोंड उघडं राहतं, चाल डगमगते, आणि लोक म्हणतात की पोरगं वेडावाकडा चेहरा करतंय. आजार सुरू झाल्यावर काही महिन्यांत अनेकदा मुलाचं वजनही भराभर वाढतं. "खातो आणि झोपतो" हा टोमणा मग आयताच मिळतो. वजनाची ही वाढ आजाराचाच भाग आहे.

सगळ्यांनाच हसताना असं होत नाही. नार्कोलेप्सीचा दुसरा प्रकार आहे, त्यात कॅटाप्लेक्सी नसते, फक्त आवरता न येणारी दिवसाची झोप असते. तो ओळखायला जास्त अवघड जातो.

रात्रीचं काय? नार्कोलेप्सी असलेलं मूल रात्रभर गाढ झोपतं, असा समज आहे. तसं नसतं. त्याची रात्रही तुटक असते. झोपेत जाताना किंवा जाग येताना त्याला खोलीत कुणीतरी उभं दिसतं, पावलं ऐकू येतात, छातीवर कुणी बसल्यासारखं होतं आणि हाक मारायला तोंड उघडत नाही. डोळे उघडे असतात, पण अंग हलत नाही. स्वप्न आणि सैल पडलेले स्नायू दोन्ही जागेपणात आल्यामुळे हे होतं. असा अनुभव धडधाकट माणसालाही एखाद्या वेळी येतो, त्यामुळे तेवढ्यानं घाबरू नका. पण दिवसा झोप, हसताना लुळेपण आणि रात्री हे, असं सगळं एकत्र आलं की आपल्याकडे मुंजाचं नाव निघतं. अंगारा येतो, मग देवऋषी येतो. घरच्या देवापुढे तुम्ही हात जोडलेत तर माझं काही म्हणणं नाही. पण भूत उतरवायचं म्हणून लेकराला कुणी मारलं, बांधलं, धूर दिला, तर तो 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि भीतीच्या त्या रात्रींनंतर मूल पुन्हा कधी काही सांगत नाही. त्यापेक्षा त्याला जवळ घ्या आणि सांगा, हे दोन मिनिटांत जातं, मी इथेच आहे.

तपासणी कशी होते ते सांगते, म्हणजे कुणी उगाच मेंदूचे फोटो काढत बसवणार नाही. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आधी जा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही सांगता येईल. तिथून मेंदूविकारतज्ज्ञाकडे किंवा झोपेच्या तज्ज्ञाकडे पत्र घ्या. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत झोपेच्या प्रयोगशाळा आहेत. पण बऱ्याच ठिकाणी रात्रीची तपासणी फक्त घोरण्यासाठी होते. नार्कोलेप्सीसाठी रात्रीच्या तपासणीला जोडून दुसऱ्या दिवशीही थांबावं लागतं. मुलाला दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत पडायला सांगतात, अशा पाच डुलक्या. डोक्याला चिकटवलेल्या तारांवरून कळतं की झोप किती मिनिटांत लागली आणि स्वप्नांची झोप किती लवकर आली. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि किमान दोनदा स्वप्नांची झोप लगेच आली, तर निदान पक्कं होत जातं. आदल्या रात्रीची आणि डुलक्यांची अशा दोन्ही तपासण्या होणार का, हे नाव नोंदवतानाच विचारा. काही जण रक्तातली जनुकाची तपासणी सुचवतात. ते जनुक निरोगी माणसांतही सर्रास सापडतं, त्यामुळे नुसतं ते आलं म्हणून आजार ठरत नाही. जाताना झोपेची वही न्या, आणि हसताना पडण्याचा व्हिडिओ मिळाला तर तोही न्या. तुमच्या दहा मिनिटांच्या सांगण्यापेक्षा त्या वीस सेकंदांतून डॉक्टरांना जास्त कळेल.

गेलेल्या पेशी आज परत आणता येत नाहीत. ओरेक्झिनची उणीव भरून काढणाऱ्या औषधांच्या चाचण्या परदेशात चालू आहेत आणि मला त्यांच्याबद्दल फार आशा आहे. तोवर जाग टिकवायला मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट यांसारखी औषधं आहेत. हसताना लुळं पडण्यासाठी व्हेनलाफॅक्सिनसारखं वेगळं औषध देतात. मुलांना काय आणि किती द्यायचं हे तज्ज्ञच ठरवतील. दोन गोष्टी मात्र बजावून सांगते. व्हेनलाफॅक्सिन मनानं एकदम बंद करू नका, कॅटाप्लेक्सी उसळून येते. आणि परीक्षेच्या दिवसांत जागायला म्हणून मोडाफिनिल दुकानातून आणून घेणारी धडधाकट मुलं मी पाहिली आहेत. ते औषध तुमच्या घरात असेल तर कुलपात ठेवा.

औषधाइतकीच डुलकी महत्त्वाची. दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटं आणि शाळेतून आल्यावर वीस मिनिटं, रोज ठरल्या वेळी. मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र देऊन ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एका सतरंजीची परवानगी मागा. शिक्षक नाही म्हणतील असं धरून चालू नका. आजाराचं नाव कळलं की बहुतेक शिक्षक बदलतात, हे मी पाहिलं आहे. दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत नार्कोलेप्सी नावानं नाही, त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेत काही सवलत हवी असेल तर अर्ज आणि चौकशी वर्षाच्या सुरुवातीलाच करा, जानेवारीपर्यंत थांबू नका.

काही गोष्टींत मी कठोर होणार आहे. आपल्याकडे पंधराव्या वर्षी पोरगं बापाची मोटारसायकल घेऊन पौडला जातं, नांगरटीला ट्रॅक्टरवर बसतं. या मुलाच्या बाबतीत ते पूर्ण बंद. अठरानंतरही आजार आटोक्यात आहे असं डॉक्टर म्हणेपर्यंत बंद. विहिरीत, धरणाच्या पाण्यात एकट्यानं पोहणं नाही. भावंडं पाण्यात हसवतातच, आणि तेवढंच पुरतं. कडबाकुट्टीवर त्याला बसवू नका, पेटत्या चुलीपाशी एकटं सोडू नका.

मुलींच्या आया शेवटी हळू आवाजात लग्नाचं विचारतात. हा आजार असलेल्यांची लग्नं होतात, मुलं होतात, नोकऱ्या होतात. आई-बापाला नार्कोलेप्सी असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात एक-दोन, एवढीच. मुलगी गरोदर राहायचं ठरवेल तेव्हा औषधांबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावं लागेल. लपवून लग्न मात्र लावू नका. सासरी गोळ्या लपवून खाणाऱ्या मुलीची गोळी चुकते, आणि पहिल्याच पंगतीत हसताना ती खाली बसते. बघायला येणाऱ्यांना सांगा, आणि सांगायच्या वेळी मुलीलाही शेजारी बसवा. तोवर रोज काय होतं आणि कशानं बरं वाटतं, हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं सांगता येत असेल.